फडाचं पाणी आणि आप्पांची क्लिप: एका विद्यार्थी माहितीपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी असलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातलं आहे. गाव, महाविद्यालय आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. विद्यार्थ्यांच्या व्हिडिओ आणि पोस्टर प्रकल्पांत शिक्षकांना मदत करणं हे माझं काम. या प्रकल्पाच्या बहुतेक बैठकांना मी हजर होतो.

भूगोलाच्या मॅडमनी अकरावीच्या मुलांना जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी एकच विषय दिला: आपल्या गावची फड पद्धती. दरवर्षी होतं तसं वहीत चित्रं चिकटवून प्रकल्प उरकायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वर्गाचे तीन गट झाले. एकाने माहितीपट करायचा, दुसऱ्याने इन्फोग्राफिक पोस्टर आणि तिसऱ्याने मोबाईलवर पाहता येईल असा एक मिनिटाचा उभा व्हिडिओ. तिन्ही गोष्टी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दाखवायच्या ठरल्या. सरपंचांनी प्रोजेक्टर लावायचं कबूलही केलं.

फडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा पेच त्यातूनच निर्माण झाला. साक्री तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरात उगम पावून पांझरा धुळे शहरातून जाते आणि मुडावदला तापीला मिळते. या नदीवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवर, तीन-चारशे वर्षांपासून लोकांनी बांधलेले बंधारे आहेत. बंधाऱ्याला पाणी अडतं, बाजूच्या पाटात शिरतं आणि नुसत्या उतारावर शेतात पोचतं. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार फड पाडतात, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असतं. यंदा ऊस कोणत्या फडात आणि हंगामी पिकं कोणत्या, हे लाभधारक एकत्र बसून ठरवतात आणि पुढे फेर बदलतात. पाणी सोडायला पाटकरी, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. वाटणीचा असा नियम गावाने स्वतः घालून घेतला आणि पिढ्यान् पिढ्या पाळला. मला तर ही खानदेशाची सगळ्यात मोठी सार्वजनिक निर्मिती वाटते.

वरच्या अंगाला लाटीपाड्याचं धरण झालं, विहिरी आल्या, मोटारी आल्या, आणि पद्धत ढिली पडत गेली. काही बंधाऱ्यांवर ती अजून चालते, काहींवर नावापुरती उरली आहे. या गावात ती चालते, पण कुरबुरीसह.

अडचण कुठे उभी राहिली

नाताळच्या सुट्टीत मुलांनी शूटिंग उरकलं. बऱ्याच मुलाखती बेताच्या होत्या. गावातले मानकरी कॅमेऱ्यासमोर भाषण करतात तशा. एकच मुलाखत अस्सल निघाली. ती होती सत्तरी ओलांडलेल्या एका जुन्या पाटकऱ्यांची. त्यांना आपण आप्पा म्हणू. बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून ते तास-दीड तास बोलले. बोलता बोलता त्यांनी वरच्या काठावरच्या मोटारीच्या खोपटाकडे हात केला: "पानी पहिले गावनं व्हतं. आते मोटरनं शे." (पाणी आधी गावाचं होतं, आता मोटारीचं आहे.) पुढे त्यांनी मोटारवाल्याचं नाव घेतलं आणि तो पाणी चोरतो असं सरळ म्हणाले.

सगळं फुटेज एका ड्राइव्हवर होतं आणि तिन्ही गटांना खुलं होतं. उभ्या व्हिडिओच्या गटाने त्यातून पन्नास सेकंद कापले. आप्पांचा हात, मग झूम करून खोपट, मग नाव, मागे करुण संगीत आणि वर लाल अक्षरांत 'पाणीचोर कोण?' ही क्लिप अभिप्रायासाठी वर्गाच्या ग्रुपवर टाकली गेली. तिथून ती कुणीतरी गावाच्या ग्रुपवर ढकलली आणि सकाळी दूध घालायला निघालेल्या माणसांनी ती डेअरीवर एकमेकांना दाखवली.

त्याच आठवड्यात पोस्टरही महाविद्यालयाच्या फलकावर लागलं होतं. मुलांनी घरोघरी विचारून माहिती काढली होती: मागच्या रब्बीत वरच्या फडाला पाण्याच्या सहा पाळ्या मिळाल्या, शेपटाच्या, म्हणजे पाटाच्या टोकाच्या फडाला तीन. ती दाखवायला त्यांनी पाण्याचे दोन थेंब काढले होते, एक मोठा आणि दुसरा त्याच्या निम्म्या उंचीचा. उंचीबरोबर रुंदीही निम्मी झाली, म्हणजे लहान थेंबाचं क्षेत्रफळ चौथाईवर आलं. आकडे बरोबर होते, पण चित्र पाहणाऱ्याला सहाला तीन न दिसता चाराला एक दिसत होतं. वरच्या फडातल्या एका पालकाने ते पाहिलं आणि क्लिप आणि पोस्टर मिळून आपल्याविरुद्ध मोहीम चालली आहे, असा त्यांचा समज झाला. त्यांच्या जागी कुणाचाही झाला असता.

दुसऱ्या दिवशी मोटारवाले भाऊ दोन वडीलधाऱ्यांना घेऊन प्राचार्यांकडे आले. नदीतून पाणी उपसायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते. त्यांनी परवानगीचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पोरांनी येऊन विचारलं असतं तर हाच कागद त्यांनाही दाखवला असता."

तिकडे आप्पा मॅडमना भेटायला स्वतः आले. "मी बोलनू ते खरंच शे," ते म्हणाले, "पन मन्हा भाऊना पोऱ्या शे तो." ज्याच्यावर त्यांनी आळ घेतला तो त्यांचा पुतण्या होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. माहितीपटाच्या गटातली मुलं मात्र शेजारच्या गावांतून येणारी.

समोर असलेले पर्याय

ग्रामसभा दोन आठवड्यांवर होती. प्राचार्यांचा कल प्रकल्प गुंडाळण्याकडे होता. फुटेज पुसायचं, गुण वहीवर द्यायचे, विषय संपला. त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती. महाविद्यालय गावाच्या जागेवर, गावाच्या भरवशावर चालतं, आणि तो भरवसा एका माहितीपटापेक्षा मोठा आहे. पण पुसून टाकलं तरी क्लिप लोकांच्या मोबाईलमध्ये राहणारच होती. वर, अडचणीचं काही दिसलं की कॅमेरा बंद करायचा, एवढंच मुलं शिकली असती.

मुलांनी सुचवलं की आप्पांचा चेहरा धूसर करू आणि नावावर बीप टाकू. बातम्यांत ते रोज पाहतात, म्हणून त्यांना तोच उपाय सुचला. शहरात तो चालतोही. पण हजार-दीड हजार वस्तीच्या गावात आप्पांचा आवाज, त्यांचं बसणं, मागचं ते खोपट, यांतलं काय धूसर करणार? उलट बीप ऐकून लोक नावाचा अंदाज बांधत बसले असते.

मोटारवाल्या भाऊंची मुलाखत घेऊन दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवायच्या, असा तिसरा प्रस्ताव होता. बैठकीत यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तो न्याय्य वाटतो. मॅडमनी त्यावर आक्षेप घेतला आणि मला तो पटला. दोन माणसं समोरासमोर बसवली की पाहणारा कोण खरं, कोण खोटं हे ठरवायला लागतो. फड पद्धती राहते बाजूला आणि काका-पुतण्याचं भांडण तेवढं उरतं.

शेवटचा पर्याय वेळखाऊ होता. तिन्ही कामं सुटी करायची आणि प्रत्येक विधान समोर ठेवून विचारायचं: हे कोण सांगतंय, हा एका माणसाचा अनुभव आहे की साऱ्या गावाला लागू होणारी गोष्ट आहे, आणि त्याला योग्य रूप कोणतं? त्यासाठी ग्रामसभेची तारीख सोडावी लागणार होती. मॅडमनी प्राचार्यांकडून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत मागून घेतली.

काय केलं

पहिला निर्णय क्लिपबद्दल होता. ती कुणी पुढे पाठवली याचा शोध घ्यायला मॅडमनी नकार दिला. प्राचार्यांना हे आवडलं नाही. त्याऐवजी ज्या गटाने क्लिप बनवली त्या मुलांनी आपल्या नावानिशी गावाच्या ग्रुपवर मजकूर टाकला: ही क्लिप आप्पांना आणि संबंधितांना न विचारता केली होती, ती पुढे पाठवू नका, मोबाईलमधून काढून टाका. नंतर चौघंही मॅडमबरोबर दोन्ही घरी गेली. बनवणाऱ्याने जबाबदारी घ्यायची आणि पाठवणाऱ्याला शोधायचं नाही, ही वाटणी मला त्या वेळी अर्धवट वाटली होती. आज वाटतं की तीच बरोबर होती. शोध सुरू झाला असता तर वर्ग आणखी महिनाभर त्यातच अडकला असता.

दुसरं काम फुटेज पुन्हा पाहण्याचं. फळ्यावर दोन रकाने केले, एका बाजूला माणसाचं, दुसऱ्या बाजूला पद्धतीचं. हे करताना जे दिसलं ते या प्रकरणाच्या मुळाशी आहे. पहिल्या कच्च्या माहितीपटात थळ म्हणजे काय, फेर कसा बदलतो, पाळी कशी लागते हे सगळं निवेदकाच्या आवाजात होतं आणि पडद्यावर नदीची सुंदर दृश्यं चालली होती. पाहणाऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं. आणि शेपटाच्या फडातल्या शेतकऱ्यांचं दुःख, जे त्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं, ते पोस्टरवर एका लहान थेंबात बसवलं होतं. दोन्ही गोष्टी चुकीच्या जागी गेल्या होत्या. नियम कॅमेऱ्याला दिसत नाही, तो काढून दाखवावा लागतो. माणसाचं म्हणणं मात्र त्याच्या चेहऱ्यासकट ऐकावं लागतं.

हे मुलांना पटवायला याच नदीच्या पाटाचं एक उदाहरण कामी आलं. 1884 मध्ये नोकरीला लागलेले तरुण अभियंता विश्वेश्वरय्या यांची नेमणूक धुळ्याला झाली होती, आणि त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे पांझरेचा पाट नाल्याखालून पलीकडे नेणारा नळाचा सायफन. साक्री तालुक्यात दातर्तीचं नाव त्यासाठी घेतलं जातं. असा सायफन कितीही चांगल्या कॅमेऱ्याने टिपला तरी दिसणार दोन तोंडं. पाणी खाली उतरून पलीकडे पुन्हा वर कसं येतं हे दाखवायला उभा छेद काढावाच लागतो. एका मुलीने फळ्यावर तो काढला आणि मग फडाचाही नकाशा काढायचं तिनेच अंगावर घेतलं.

नकाशासाठी मुलांनी गावनकाशाची प्रत मिळवली आणि ट्रेसिंग पेपरवर थळ, पाट, चाऱ्या (पाटाचे लहान फाटे) आणि फडांच्या हद्दी उतरवल्या. गट नंबर टाकावेत की नाही यावर वाद झाला. गट नंबर दिला की कुणीही मोबाईलवर सातबारा उघडून मालकाचं नाव पाहू शकतो. म्हणून नंबर काढले, फडांची नावं ठेवली. जमिनीची उंचसखल दाखवायला पाटाच्या पातळीची एक रेष आणि तिच्या वरची जमीन फिक्या रंगात. त्या फिक्या रंगाने पुढे मोठं काम केलं.

थेंबांचंही सुधारलं. 1925 मध्ये व्हिएन्नात संग्रहालय उभं करणाऱ्या ऑटो न्यूराथ यांची चित्रभाषेची पद्धत मॅडमनी वर्गात समजावली: आकडा वाढला तर चिन्ह मोठं करायचं नाही, तेच चिन्ह पुन्हा काढायचं. सहा पाळ्यांना सहा सारखे थेंब, तीन पाळ्यांना तीन. खाली बारीक अक्षरांत नव्हे, तर ठळकपणे लिहिलं की हे आकडे शेतकऱ्यांनी आठवणीने सांगितले आहेत.

माहितीपटात सगळ्यात मोठा बदल एका टाकून दिलेल्या दृश्याने घडवला. आप्पा चारीचं तोंड फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवतात, असा चार मिनिटांचा सलग शॉट होता. 'यात काही घडत नाही' म्हणून तो पहिल्याच फेरीत वगळला होता. नीट पाहिल्यावर कळतं की त्यात सगळंच घडतं. ते फावड्याने चिखलाचा एक ढेकूळ उचलतात, चारीच्या तोंडाशी ठेवतात आणि टाचेने दाबतात. पाणी क्षणभर थांबतं, फुगतं आणि दुसरीकडे वळतं. ते मान वर करून लांबच्या वाफ्यातल्या शेतकऱ्याकडे पाहतात, तो हात करतो, मग आप्पा टाच थोडी उचलून धार कमी करतात. पाणीवाटपाबद्दल निवेदकाने वाचलेल्या दोन पानांपेक्षा ती टाच जास्त सांगते. हा शॉट जवळजवळ पूर्ण ठेवला आणि त्यावर संगीत टाकलं नाही. आप्पांच्या बोलण्यावर चढवलेला प्रमाण मराठीचा आवाजही काढला. त्यांची अहिराणी तशीच ठेवून खाली मराठी ओळी दिल्या.

तिसरा निर्णय संमतीचा. आधीचा फॉर्म फक्त विद्यार्थ्यांचा होता. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरताना पालकांची संमती लागते, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे, त्यामुळे तो फॉर्म योग्यच होता. पण ज्यांचे चेहरे पडद्यावर येणार त्या गावकऱ्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. 'कॉलेजच्या कामासाठी बोला' एवढ्यावर ते बोलले होते. आता प्रत्येकाला तीन वेगळे प्रश्न विचारले: बोलणं टिपून घेऊ का, गावात दाखवू का, मोबाईलवर किंवा यूट्यूबवर टाकू का? पहिल्या दोन प्रश्नांना जवळपास सगळे हो म्हणाले. तिसऱ्याला बहुतेकांनी नकार दिला.

मग जुळवलेला माहितीपट आधी आप्पांच्या घरी, लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी नाव आणि खोपट काढायला सांगितलं. 'मोटरनं शे' हे वाक्य मात्र राहू द्या म्हणाले.

काय झालं

मोटारवाल्या भाऊंनी माहितीपट पाहिला, पण त्यांचं लक्ष नकाशावर खिळलं. फिक्या रंगावर बोट ठेवून ते म्हणाले की माझी जमीन ही, पाटाच्या वर. उताराने येणारं पाणी तिथे चढत नाही, त्यामुळे त्यांच्या आजोबांच्या काळापासून ती कोणत्याच फडात नव्हती. मोटार बसली तेव्हा ती पहिल्यांदा भिजली. म्हणजे त्यांनी फडाचा नियम मोडला नव्हता, तो नियम त्यांच्या जमिनीला कधी लागूच नव्हता. दुसऱ्या बाजूने आप्पांचंही खरं होतं, कारण उपसा होतो तो बंधाऱ्यामागे अडलेल्या पाण्यातून, आणि परवानगीच्या कागदाला फडाची पाळी माहीत नसते. क्लिप, बीप किंवा समोरासमोरच्या मुलाखती यांतून हे कधीच बाहेर आलं नसतं. भाऊ कॅमेऱ्यासमोर बोलायला स्वतःहून तयार झाले. वीज रात्रीच्या पाळीला येते म्हणून मुलांनी पालकांना घेऊन रात्रीच शूटिंग केलं. बॅटरीच्या उजेडात स्टार्टर दाबणारा हात आणि नंतर पाइपातून येणारं पहिलं पाणी, हे दृश्य माहितीपटात आप्पांच्या टाचेनंतर येतं.

फेब्रुवारीत महाविद्यालयात छोटा खेळ झाला आणि 1 मेच्या ग्रामसभेत मोठा. ग्रामसभेत माहितीपटापेक्षा पोस्टरवर जास्त चर्चा झाली. शेपटाच्या फडातले एक शेतकरी उठून म्हणाले की तीन नव्हे, दोनच पाळ्या मिळाल्या. वरच्या फडातून आवाज आला की तिसरी तुम्हीच सोडून दिली. मुलीने तिथल्या तिथे मार्करने तिसऱ्या थेंबाभोवती तुटक रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं: 'याबद्दल मतभेद आहेत'. त्यानंतर बोलणं आरोपांवरून पाटातल्या गाळावर गेलं, कारण शेपटाला पाणी न पोचण्याचं तेही एक कारण होतं आणि ते नकाशावर दाखवता येत होतं.

पाणीवाटप बदललं का? नाही. श्रमदानाने पाट साफ करायचं ठरलं, त्यातला वरचा टप्पा झाला, खालचा राहिला. काका-पुतण्यांचं बोलणं पूर्वीसारखं नाही. एका पालकाने मुलाला पुढच्या प्रकल्पात भाग घेऊ दिला नाही. माहितीपट यूट्यूबवर नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि ग्रामपंचायतीत एकेक प्रत आहे.

पुन्हा करायचं झालं तर

मूल्यमापनाचा तक्ता सगळ्यात आधी बदलायला हवा. मूळ तक्त्यात 'आकर्षकपणा' या रकान्याला सर्वाधिक गुण होते. मुलांनी लाल अक्षरं आणि करुण संगीत टाकलं ते गुणांसाठीच. पुढच्या तुकडीसाठी मॅडमनी त्याऐवजी दोन नवे रकाने घातले: विधानाची शहानिशा कशी केली, आणि ज्याचं चित्रण केलं त्याला आधी दाखवलं का.

फुटेज सगळ्यांना खुलं ठेवण्याची गरज नव्हती. मुलाखत घेणारा गटच कोणता भाग इतरांना द्यायचा ते ठरवेल, एवढा साधा नियम पुरला असता. तसंच कॅमेरा बाहेर काढण्याआधी एक फेरी नुसती ऐकण्याची हवी होती. कोण कुणाचा कोण, हे गावातलं एखादं मूल गटात असतं तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं. गट पाडताना मॅडमनी हजेरीपटाचा क्रम धरला होता.

शूटिंगचा हंगामही चुकला. डिसेंबरात बंधारा शांत असतो. पावसाळ्यात भिंतीवरून पाणी उसळून जातं तेव्हाचं एखादं दृश्य असतं तर याच नदीला कधी पाणी जास्त आणि कधी कमी असतं हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

आणि माहितीपटात एकाही बाईचा आवाज नाही. खुरपणी, निंदणी, घरचा माणूस बाहेरगावी असला की रात्री पाणी भरायला जाणं, हे त्या करतात. पण पाटकरी, हवालदार, लाभधारक या शब्दांमागे धावताना मुलांना पुरुषच भेटले. ग्रामसभेत मागे बसलेल्या एका आजींनी हे बोलून दाखवलं. पुढच्या तुकडीने पहिली यादी त्यांच्या घरी बसून केली आहे.